तळ्याकाठचे पिवळे फूल: एका फोकस स्टॅकची पूर्ण चिरफाड

फोकस स्टॅक म्हणजे वेगवेगळ्या अंतरांवर फोकस करून घेतलेल्या अनेक फ्रेममधले स्पष्ट भाग जोडून केलेले एक चित्र. दृश्य असे. सूर्य उगवण्यापूर्वीचे तळे. अगदी पुढे दगडफुलाच्या ठिपक्यांनी भरलेला खडक, त्याच्या बाजूला उंच देठावर एक पिवळे फूल, मग ओले गोटे, त्यापलीकडे पाणी आणि शेवटी निळसर डोंगररांग. कॅमेरा उभा धरलेला, ट्रायपॉड खाली बसवलेला. लेन्स खडकापासून साधारण ४५ सेंमी उंचीवर, किंचित खाली झुकलेली. फूल क्षितिजाच्या वर जाते, म्हणजे देठाचा खालचा भाग गोट्यांवर, मधला पाण्यावर आणि फूल स्वतः डोंगरावर दिसते. चित्राची सगळी गंमत त्या फुलात आहे आणि सगळी अडचणही तिथेच आहे.

साहित्य नेहमीचे: २४ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम कॅमेरा (६००० × ४००० पिक्सेल, म्हणजे एक पिक्सेल ६ मायक्रॉनचा) आणि २४ मिमीची लेन्स. सर्वांत जवळचा खडक लेन्सपासून ४५ सेंमीवर, फूल ६० सेंमीवर, पाण्याची कड अडीच मीटरवर, डोंगर अनंतावर.

एकाच फ्रेममध्ये हे का बसत नाही

पहिला विचार ॲपर्चर (लेन्समधले प्रकाशाचे छिद्र; एफ/ पुढचा आकडा जितका मोठा तितके ते लहान) बारीक करण्याचाच येतो. हिशेब करून पाहू. हायपरफोकल अंतरावर फोकस केले की त्याच्या निम्म्यापासून अनंतापर्यंत सगळे ठीक दिसते. ते काढायचे असे: फोकल लांबीचा वर्ग, भागिले ॲपर्चरचा आकडा गुणिले मान्य धूसरपणा (एका बिंदूचा सेन्सरवर चालू शकणारा सर्वांत मोठा ठिपका), आणि त्यात फोकल लांबी मिळवायची. फुल फ्रेमसाठी पूर्वापार मान्य धूसरपणा ०.०३ मिमी धरतात. एफ/१६ ला हे अंतर १.२२ मीटर येते आणि तिथे फोकस केले तर ६१ सेंमीपासून पुढचे ठीक दिसते. ४५ सेंमीवरचा खडक हुकतो. एफ/२२ ला अंतर ९० सेंमी होते आणि जवळची मर्यादा बरोबर ४५ सेंमीवर येते. कागदावर काम झाले.

प्रत्यक्षात होत नाही, कारण ०.०३ मिमी म्हणजे या सेन्सरवर पाच पिक्सेल. त्यात विवर्तनाची, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरण्याची, भर पडते. हिरव्या प्रकाशासाठी विवर्तनाच्या ठिपक्याचा व्यास एफ/८ ला सुमारे ११ मायक्रॉन, एफ/१६ ला २१ आणि एफ/२२ ला जवळपास ३० मायक्रॉन असतो. म्हणजे एफ/२२ वर अगदी अचूक फोकस झालेली जागासुद्धा पाच पिक्सेल पसरते. खडक, फूल, डोंगर सगळेच सारखे मऊ. छोट्या पडद्यावर ते खपते. दोन फुटी प्रिंटमध्ये दगडफुलाचा पोत निघून जातो.

म्हणून एफ/८ आणि अनेक फ्रेम. मान्य धूसरपणा इथे निम्मा, म्हणजे ०.०१५ मिमी (अडीच पिक्सेल) धरला. त्यानुसार हायपरफोकल अंतर ४.८ मीटर येते. पुढचे गणित सुंदर आहे आणि लक्षात ठेवण्यासारखे आहे: हे अंतर अनुक्रमे १, ३, ५, ७, ९, ११ ने भागत गेले की फोकसच्या जागा मिळतात. ४.८ मीटर, १.६ मीटर, ९६ सेंमी, ६९ सेंमी, ५४ सेंमी, ४४ सेंमी. प्रत्येक फ्रेमचा स्पष्ट पट्टा पुढच्या फ्रेमच्या पट्ट्याला नेमका टेकतो. सहा फ्रेममध्ये ४० सेंमीपासून अनंतापर्यंत सगळे येते. पण 'नेमका टेकतो' म्हणजे चुकीला जागाच नाही. शिवाय ४.८ मीटरवर फोकस केल्यावर डोंगर मर्यादेच्या काठावर असतात. म्हणून एक वेगळी अनंताची फ्रेम आणि मधल्या पायऱ्या थोड्या जवळजवळ, अशा दहा फ्रेम ठरल्या.

पायऱ्या अंतरात समान घ्यायच्या नसतात. अंतराच्या व्यस्तात समान घ्यायच्या असतात. मीटरमधल्या अंतराने १ ला भागायचे आणि त्या आकड्यात सारखे टप्पे पाडायचे. ४२ सेंमी म्हणजे २.३८, अनंत म्हणजे शून्य. दहा फ्रेममध्ये नऊ टप्पे, प्रत्येकी ०.२ ते ०.३ चे. त्यामुळे दहापैकी सहा फ्रेम पहिल्या मीटरभरात पडतात. अनेकांचा स्टॅक इथेच फसतो: डोंगर, झाडे, पाणी यांवर चार-पाच फ्रेम खर्च होतात आणि पायापाशी दोनच उरतात.

लेन्सवरचे किंवा पडद्यावरचे अंतर सेन्सरच्या प्रतलापासून मोजलेले असते. कॅमेऱ्याच्या माथ्यावर एक वर्तुळ आणि त्याला छेदणारी रेघ असते, ती त्याची खूण. वरची अंतरे मात्र लेन्सपासूनची आहेत. दोन मीटरच्या पुढे हा फरक कोणी विचारत नाही, अर्ध्या मीटरवर तो एका पूर्ण पायरीइतका होतो.

काय टिपले गेले

एक्स्पोजर मॅन्युअल: एफ/८, १/१५ सेकंद, आयएसओ १००. व्हाइट बॅलन्स ५२०० केल्व्हिनवर बांधलेला. स्टॅबिलायझेशन बंद, शटर इलेक्ट्रॉनिक, दर फ्रेमनंतर दोन सेकंद थांबणे. पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) एकदा फिरवल्यावर त्याला हात लावलेला नाही. काही जुन्या लेन्समध्ये फोकस करताना पुढचे कडे फिरते आणि पोलरायझरही फिरतो, अशा लेन्सवर तो काढूनच ठेवावा. फ्रेमिंग चारही बाजूंनी थोडे ढिले ठेवले होते. त्याचे कारण पुढे येईल.

या कॅमेऱ्यात आपोआप फोकस सरकवण्याची सोय नव्हती, म्हणून रिंग हाताने फिरवली. (ज्यांच्याकडे ती आहे त्यांनी जरूर वापरावी, निकॉनने डी८५० मध्ये २०१७ साली ती 'फोकस शिफ्ट' नावाने दिली आणि आता बऱ्याच मिररलेस कॅमेऱ्यांत ती असते. मात्र तिथल्या पायरीच्या आकड्याचा सेंटीमीटरशी थेट संबंध नसतो, आपल्या लेन्सवर तो एकदा तपासून घ्यावा लागतो.) रिंग इलेक्ट्रॉनिक होती. अशी रिंग किती अंश फिरली यापेक्षा किती वेगाने फिरली याला जास्त प्रतिसाद देते. ६९ सेंमीनंतर ती जरा झटक्याने फिरली आणि फोकस थेट १.२ मीटरवर गेला. ८८ सेंमीची फ्रेम राहिली.

हाती आलेल्या नऊ फ्रेम: ४२, ४६, ५२, ५९, ६९ सेंमी, मग १.२ मीटर, १.९ मीटर, ४.८ मीटर आणि अनंत. सगळ्याला वीसेक सेकंद लागले. वारा अगदी हलका होता.

हलका वारा म्हणजे किती, हेही आकड्यात पाहावे. ६० सेंमीवर २४ मिमी लेन्सने १ सेंमीचे अंतर सेन्सरवर ६७ पिक्सेल व्यापते. वीस सेकंदांत फूल तीन सेंमी डुलले तर ते चित्रात २०० पिक्सेल इकडे-तिकडे झाले. आणि १/१५ सेकंदात दोन पिक्सेलपेक्षा जास्त हलू नये असे म्हटले, तर फुलाचा वेग सेकंदाला साडेचार मिलिमीटरच्या आत हवा. उघड्यावर असे फूल मिळत नाही.

म्हणून मुख्य मालिकेनंतर दोन प्रकारच्या जादा फ्रेम घेतल्या. पहिल्या फुलासाठी: फोकस फुलावर, १/१२५ सेकंद, आयएसओ ८००, सलग सहा. इथे चालू शकणारा वेग सेकंदाला पावणेचार सेंमीपर्यंत वाढतो आणि सहातली एक-दोन नक्की स्पष्ट येतात. दुसरी फ्रेम या प्रकरणातली सर्वांत मोलाची: फोकस अनंतावर, आणि देठ न तोडता हाताने अलगद बाजूला वाकवून धरलेला. म्हणजे फुलामागचे पाणी आणि डोंगर यांची रिकामी, स्पष्ट पार्श्वभूमी. हात फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यात दिसतो, पण तो भाग वापरायचाच नसतो. या फ्रेमला पुढे 'कोरी फ्रेम' म्हणू.

पहिला निकाल आणि त्यातले चार दोष

नऊ फ्रेम फोटोशॉपमध्ये लेयर म्हणून उघडल्या, 'ऑटो-अलाइन लेयर्स' चालवले, मग 'ऑटो-ब्लेंड लेयर्स' मध्ये 'स्टॅक इमेजेस' निवडले. (ही सोय फोटोशॉपमध्ये २००८ च्या सीएस४ पासून आहे.) दोन-चार मिनिटांत निकाल आला. छोट्या आकारात उत्तम. १००% झूमवर मात्र:

फुलाभोवती आणि देठाभोवती दहा-पंधरा पिक्सेलची मऊ झालर, आणि देठ दोन ठिकाणी तुटून बाजूला सरकलेला. पाण्यावर तुकडे तुकडे, एका तुकड्यातली लहर पुढच्या तुकड्यात पुढे जातच नाही. आकाशात फिकट-गडद डाग. आणि खडकाच्या मागे, गोट्यांमध्ये, एक आडवा मऊ पट्टा. त्याच्या अलीकडे-पलीकडे सगळे लखलखीत.

चारही दोष वेगळे दिसतात. त्यातल्या तिघांचे मूळ एकच आहे. सॉफ्टवेअर प्रत्येक जागी एवढेच पाहते की कोणत्या लेयरमध्ये स्थानिक कॉन्ट्रास्ट सर्वांत जास्त आहे. पुढे काय आहे, मागे काय आहे, काय हलते आहे, यातले त्याला काही कळत नाही. गोटे आणि खडक स्थिर आहेत आणि पोताने भरलेले आहेत, तिथे 'जास्त कॉन्ट्रास्ट म्हणजे अचूक फोकस' हे समीकरण खरे ठरते. आकाशात पोतच नसतो, म्हणून तिथे ज्या लेयरमध्ये नॉइज (सेन्सरचे बारीक दाणे) योगायोगाने जास्त तो जिंकतो. दर फ्रेममध्ये उजेड केसभर बदललेला असतो, त्याचे डाग होतात. पाण्यात प्रत्येक फ्रेममध्ये वेगळी लहर असते. सॉफ्टवेअर या फ्रेमचा शिखराचा भाग, त्या फ्रेमचा उताराचा भाग असे उचलत जाते.

झालरीचे कारण मात्र नीट समजून घ्यायला हवे, कारण ती सॉफ्टवेअर बदलून पूर्णपणे जात नाही. फोकस अनंतावर असताना ६० सेंमीवरच्या देठाच्या कडेचा प्रत्येक बिंदू एफ/८ ला ०.१२ मिमीच्या चकतीएवढा पसरतो, म्हणजे वीस पिक्सेल. देठ स्वतःच्या कडेबाहेर दोन्हीकडे दहा-दहा पिक्सेल फुगतो आणि मागच्या डोंगरावर पडद्यासारखा पसरतो. फोकस देठावर आणला की देठ आटोपशीर होतो, पण आता डोंगर वीस पिक्सेलने धूसर. म्हणजे देठाला लागून असलेल्या दहा पिक्सेलच्या पट्टीत डोंगर स्पष्ट दिसेल अशी एकही फ्रेम मालिकेत नाही. जी माहिती टिपलीच गेली नाही ती कोणते सॉफ्टवेअर कुठून आणणार? ती टिपणारी फ्रेम एकच, कोरी.

जवळची वस्तू जितकी जवळ आणि पार्श्वभूमी जितकी दूर, तितकी झालर रुंद. खडकाची मागची कड ८० सेंमीवर आणि तिच्यामागे पाणी अडीच मीटरवर, तिथे ती फक्त पाच पिक्सेल येते आणि पाण्याच्या मऊपणात खपून जाते. पाच मीटरवरचे झाड डोंगरावर दिसत असते तर एक-सव्वा पिक्सेल. त्याची काळजीच करू नये.

दुरुस्तीची मांडणी

सगळे चित्र एका झटक्यात ऑटो-ब्लेंडला देण्याऐवजी चार भागांत वाटले. जमीन सॉफ्टवेअरला दिली. पाणी, डोंगर-आकाश आणि फूल हे हाताने मास्क करून (लेयरचा हवा तेवढाच भाग दाखवून, बाकीचा झाकून) घेतले. प्रत्येक भागासाठी एकच प्रश्न: इथे खरी फ्रेम कोणती?

आधी रॉ फाइल. ४.८ मीटरची फ्रेम आधारभूत मानून तिच्यावर व्हाइट बॅलन्स, एक्स्पोजर, लेन्स प्रोफाइल (विकृती आणि कोपऱ्यांचा अंधार) लावले आणि तेच सगळ्या फ्रेमवर उतरवले. शार्पनिंग किमान. क्लॅरिटी, टेक्श्चर, डीहेझ शून्य. हे तिन्ही कडांभोवती स्वतःचा उजळ काठ तयार करतात आणि ब्लेंडिंग त्यालाच 'स्पष्टता' समजते. कोरी फ्रेम मिनिटभर उशिराची असल्याने थोडी उजळ होती, तिचे एक्स्पोजर ०.१५ स्टॉप खाली आणले. फुलाच्या आयएसओ ८०० च्या फ्रेमवर नॉइज रिडक्शन वेगळे, कारण शेजारी आयएसओ १०० ची गुळगुळीत पार्श्वभूमी येणार आहे.

मग अकरा फ्रेम १६ बिटमध्ये लेयर म्हणून: नऊ मालिकेच्या, एक कोरी, एक निवडलेली फुलाची. २४ मेगापिक्सेलचा असा एक लेयर १४४ एमबीचा असतो. अकरांचे दीड जीबी. पुढे प्रती आणि मास्क वाढत जातात आणि पीएसडी फाइल २ जीबीच्या पुढे साठवता येत नाही, म्हणून सुरुवातीलाच मोठ्या फाइलसाठीचे पीएसबी स्वरूप घेतले.

अलाइनमेंट करताना ४.८ मीटरच्या लेयरला कुलूप लावले. कुलूप लावलेला लेयर संदर्भ मानला जातो आणि बाकीचे त्याच्याशी जुळवले जातात. प्रोजेक्शन 'ऑटो', खालचे व्हिनेट आणि डिस्टॉर्शनचे दोन्ही चौकोन रिकामे, कारण ते काम रॉमध्ये होऊन गेले आहे. अलाइनमेंट लागते ती ट्रायपॉड हलला म्हणून नव्हे. फोकस बदलला की लेन्सचा दृश्यकोनही थोडा बदलतो, त्यामुळे फ्रेम एकमेकींपेक्षा लहान-मोठ्या येतात. जवळच्या फोकसला चित्र मोठे होते की लहान, हे लेन्सच्या रचनेवर असते. बदल २ टक्के असेल तर ६००० पिक्सेलच्या बाजूवर १२० पिक्सेल, म्हणजे दोन्ही टोकांना साठ-साठ. जुळवल्यावर कडेला तेवढी पोकळी राहते आणि ती कापावी लागते. फ्रेमिंग ढिले ठेवले ते यासाठी.

तपासणी: दोन शेजारचे लेयर घेऊन वरच्याचा ब्लेंड मोड 'डिफरन्स' केला. जुळलेला भाग काळा दिसतो, न जुळलेल्या कडा रेघांसारख्या उमटतात. नऊ फ्रेम आणि कोरी फ्रेम नीट जुळल्या. फुलाची फ्रेम बिघडली. तिच्यात स्पष्ट असे फक्त फूल आहे, आणि तेच हललेले. सॉफ्टवेअरने त्याच्या आधाराने सगळी फ्रेम वाकडी ताणली. ती फेकून मूळ लेयर पुन्हा आणला, पारदर्शकता ५०% केली आणि 'फ्री ट्रान्स्फॉर्म'ने ५९ सेंमीच्या जुळलेल्या लेयरवर हाताने बसवला. प्रमाण न बदलता, फक्त आकार आणि जागा. इथे अचूकपणा फुलाच्या बुंध्यापाशी हवा, फुलाच्या टोकापाशी नको. टोक हललेलेच आहे.

या टप्प्यावर सगळ्या जुळलेल्या लेयरची एक अख्खी प्रत वेगळ्या गटात लपवून ठेवली. ऑटो-ब्लेंड मास्क तयार करते आणि 'सीमलेस टोन्स अँड कलर्स' चालू असेल तर लेयरचे रंगही बदलते. नंतर एखादा मूळ तुकडा हवा झाला तर ही प्रतच कामी येते.

जमीन: ४२ सेंमी ते ४.८ मीटर या आठ फ्रेम निवडून ऑटो-ब्लेंड. एक्स्पोजर बांधलेले असल्याने 'सीमलेस टोन्स' बंद. खडक आणि गोटे जवळपास निर्दोष आले. निकाल एका लेयरमध्ये एकत्र केला.

डोंगर आणि आकाश पूर्णपणे कोऱ्या फ्रेममधून. तिच्यात फूलच नाही, म्हणून झालरीचा प्रश्न उरत नाही, आणि एकच फ्रेम असल्याने डागही नाहीत. पलीकडच्या काठाशी मास्कची कड ३० पिक्सेलच्या मऊ ब्रशने.

पाण्याचे दोन भाग झाले. लांबचे पाणी कोऱ्या फ्रेमचे, अलीकडचे ४.८ मीटरच्या फ्रेमचे. जोड लहरीच्या मध्यातून कधी काढू नये. जिथे पाणी सपाट आहे किंवा प्रतिबिंब एकसारखे आहे अशा आडव्या पट्ट्यात १५० पिक्सेल मऊ ब्रश, फ्लो २०%, दोन-तीन हातांत. देठाच्या शेजारचे पाणी मात्र काठापर्यंत कोऱ्या फ्रेमचेच घेतले, कारण ४.८ मीटरच्या फ्रेममध्ये देठ सतरा-अठरा पिक्सेल पसरलेला आहे. तिथले जवळचे पाणी पावणेपाच पिक्सेल मऊ येते. लहरींना तसाही बारीक पोत नसल्यामुळे ते डोळ्याला कळत नाही. ओल्या गोट्यांपाशीचा जोड ७० पिक्सेलच्या ब्रशने, गोट्यांच्या आकाराला धरून.

मग फूल. मास्क हाताने रंगवत बसण्यापेक्षा चॅनलमधून काढणे कितीतरी चांगले. पिवळे फूल आणि हिरवा देठ निळ्या चॅनलमध्ये काळपट दिसतात, पहाटेचे निळे डोंगर आणि पाणी त्याच चॅनलमध्ये उजळ. निळ्या चॅनलची प्रत, 'लेव्हल्स'ने दोन्ही टोके आत ओढून जवळपास काळे-पांढरे, उलटे केले, बाहेरचे भाग काळ्या ब्रशने पुसले, आणि ते फुलाच्या लेयरचे मास्क केले. मास्क एक पिक्सेल आत आक्रसले आणि एक पिक्सेल मऊ केले. कडेच्या पिक्सेलमध्ये धूसर डोंगराचा रंग मिसळलेला असतो, पण मागे बसणारा स्पष्ट डोंगरही त्याच रंगाचा, त्यामुळे जोड दिसत नाही. मागे आकाश असते आणि सूर्य वर आलेला असता, तर ही कड उजळ पडली असती आणि रंग वेगळा दुरुस्त करावा लागला असता.

देठाचा खालचा भाग सर्वांत कष्टाचा ठरला. तिथे मागे गोटे आहेत, ७० सेंमी ते दोन मीटर अंतरावरचे. कोऱ्या फ्रेममध्ये फोकस अनंतावर असल्याने तेच गोटे धूसर आहेत, आणि जमिनीच्या ब्लेंडमध्ये देठाच्या तीन फिकट सावल्या राहिल्या होत्या. बुंधा फारसा हलत नाही, म्हणून खालचे काही सेंमी ५९ सेंमीच्या फ्रेममधून सरळ मिळाले. वरच्या सावल्या लपवलेल्या प्रतीतल्या ६९ सेंमी आणि १.२ मीटरच्या लेयरमधून आलटूनपालटून पुसल्या, कारण देठ दोन्हींत वेगवेगळ्या जागी होता. जिथे दोन्हींत झाकलेले होते तिथे क्लोन स्टॅम्प. टिपतानाच देठ फक्त एका फ्रेमसाठी न वाकवता ६९ सेंमी, १.२, १.९, ४.८ आणि अनंत या पाचही फ्रेमसाठी वाकवून धरला असता, तर हे सगळे काम वाचले असते. जी वस्तू दूरवरच्या पार्श्वभूमीला छेदते, तिच्यामागची प्रत्येक फ्रेम तिच्याशिवाय घ्यावी.

राहिला तो मऊ पट्टा. त्याचे कारण सॉफ्टवेअरमध्ये नाही. ती हुकलेली फ्रेम. ६९ सेंमी आणि १.२ मीटर यांच्या मध्ये ८८ सेंमीपाशी दोन्ही फ्रेमचा धूसरपणा सर्वांत जास्त आणि सारखा असतो: सुमारे ३.७ पिक्सेल, ठरवलेली मर्यादा अडीचची. न टिपलेली स्पष्टता परत येत नाही, पण इतक्या थोड्या धूसरपणाची धार बऱ्यापैकी सुधारता येते. 'स्मार्ट शार्पन', 'रिमूव्ह: लेन्स ब्लर', त्रिज्या १.८ पिक्सेल (धूसर चकतीचा निम्मा व्यास), प्रमाण १२०%, आणि मास्क फक्त त्या पट्ट्यापुरते, वर-खाली हळूहळू विरत जाणारे. ३० सेंमीच्या प्रिंटमध्ये पट्टा दिसत नाही. ९० सेंमीच्या प्रिंटमध्ये जाणकाराला दिसेल.

जागेवर हे पकडायचे तर शेवटची फ्रेम झाल्यावर लगेच सगळ्या १००% झूमवर ओळीने पाहाव्यात. एकच ठळक गोटा निवडावा: एका फ्रेममध्ये तो पट्ट्याच्या मागच्या काठावर स्पष्ट असेल, तर पुढच्या फ्रेममध्ये तो पट्ट्याच्या पुढच्या काठावर स्पष्ट असायलाच हवा. असा दुवा कुठे तुटला की तिथे फ्रेम राहिली. फोकस पीकिंगवर (पडद्यावर स्पष्ट कडा रंगवून दाखवण्याच्या सोयीवर) विसंबू नये. एफ/८ ला ते प्रत्यक्षापेक्षा रुंद पट्टा रंगवते.

दुसरी सॉफ्टवेअर तेच काम कसे करतात

हेलिकॉन फोकसमध्ये तीन पद्धती आहेत. 'ए' भारित सरासरी काढते, 'बी' खोलीचा नकाशा बनवून प्रत्येक जागी एकच फ्रेम निवडते, 'सी' पिरॅमिड पद्धतीने वेगवेगळ्या आकाराचे तपशील वेगळे जोडते. या प्रकरणातल्या जमिनीसारख्या सलग मागे जाणाऱ्या पृष्ठभागाला 'बी' सर्वांत योग्य, रंग आणि पोत मूळचे राहतात. गवताची पाती एकमेकांना छेदत असतील तर 'सी' बरी, पण ती कॉन्ट्रास्ट आणि नॉइज दोन्ही वाढवते. झेरीन स्टॅकरची विभागणीही याच रेषेवर आहे: डीमॅप रंग सांभाळते आणि छेदणाऱ्या कडांवर अडखळते, पीमॅक्स त्या कडा सोडवते आणि नॉइज वाढवते. दोन्ही काढून एकातला भाग दुसऱ्यावर ब्रशने उतरवणे हाच तिथला रिवाज. ॲफिनिटी फोटोमध्ये 'फोकस मर्ज' नंतर मूळ फ्रेमची यादी दिसते आणि हव्या त्या फ्रेममधून थेट क्लोन करता येते. देठाच्या सावल्या पुसायला ही सोय फार चांगली.

पैसे न घालता करायचे असेल तर ह्युगिन या पॅनोरामा जोडणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरसोबत येणारे अलाइन इमेज स्टॅक आणि मग एन्फ्यूज. एन्फ्यूजमध्ये एक्स्पोजर आणि सॅच्युरेशनचे वजन ०, कॉन्ट्रास्टचे १ आणि 'हार्ड मास्क' चालू करावे लागते. ते राहिले तर एन्फ्यूज सगळ्या फ्रेमची सरासरी काढते आणि धुक्यातून पाहिल्यासारखे चित्र येते. कोऱ्या फ्रेमची गरज यापैकी कशातच संपत नाही.

शेवटचा हात

चार भाग बसल्यावर कडेची पोकळी कापली, सगळ्या लेयरच्या एकत्रित प्रतीवर एकसारखा बारीक ग्रेन दिला म्हणजे आयएसओ ८०० चे फूल आणि आयएसओ १०० चा डोंगर एकाच कापडाचे वाटतात. रंग, कॉन्ट्रास्ट, जमिनीला थोडी क्लॅरिटी हे सगळे इथे. आउटपुटचे शार्पनिंग अगदी अखेरीस, प्रिंटच्या आकारानुसार, आणि डोंगरावर ते जमिनीच्या निम्मे. पहाटेच्या हवेत लांबचे डोंगर किंचित मऊच दिसतात. ते दगडफुलाइतके धारदार केले की अंतर नाहीसे होते आणि फूल डोंगराला चिकटवल्यासारखे दिसू लागते.

तयार चित्र १००% झूमवर पाहताना आधी फुलाची कड, मग चारही कोपरे, मग पाण्याचा जोड पाहिला. फुलाच्या उजव्या पाकळीखाली तीन पिक्सेलची उजळ रेघ राहिली होती. ती ब्लेंड मोड 'डार्कन' ठेवून, क्लोन स्टॅम्पने, शेजारचा डोंगर घेऊन झाकली.